उपवास म्हणजे जवळ राहणे

भाद्रपद लागला की आमची पावले वाईच्या कृष्णाकाठावरून आपोआप पुण्याकडे वळतात. ढोल्या गणपतीला नमस्कार करावा, झांजा आणि चिपळ्या पिशवीत घालाव्यात, एस.टी.ने स्वारगेट गाठावे आणि कसबा पेठेतील एका जुन्या वाड्याच्या चौकात कीर्तनसेवा रुजू करावी, हा आमचा १९८३ पासूनचा नेम. त्या वर्षी आम्ही आमच्या गुरुजींच्या मागे झांज धरून उभे होतो. पुढे गुरुजी गेले, निरूपणाचा भार आमच्यावर आला. समईत तेल घालणाऱ्या वाड्याच्या मालकीणबाई मात्र त्याच राहिल्या. आम्ही त्यांना काकू म्हणतो. त्या आम्हांला बुवा म्हणतात.

‘उपवास’ हा शब्द उच्चारताच भाविकांच्या डोळ्यांपुढे साबुदाणा आणि वरीचे तांदूळ उभे राहतात. परंतु शब्दाची फोड करून पाहावी. ‘उप’ म्हणजे जवळ, ‘वस्’ म्हणजे राहणे. देवाच्या जवळ राहणे, हा उपवासाचा मूळ अर्थ. अन्न वर्ज्य करणे हे त्याचे साधन. या अर्थाने पाहिले तर कसबा पेठेतील गृहस्थाला बाराही महिने उपवास घडतो. तो ग्रामदैवताच्या शेजारी राहतो.

या शेजाराचे वय लहान नाही. राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या प्रदेशाचा उल्लेख सापडतो. ‘कसबा’ हा शब्द मूळचा अरबी. बाजारपेठेचे गाव असा त्याचा अर्थ. पुण्याच्या साऱ्या पेठांत ही वस्ती सर्वांत जुनी. सतराव्या शतकात जिजाऊसाहेब बालशिवाजीसह पुण्यात आल्या, उजाड गावाची घडी पुन्हा बसली आणि कसब्याच्या गणपतीचे मंदिर उभे राहिले, असे परंपरा सांगते. १७३० साली जवळच शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. पुढे सत्ता आली आणि गेली. शेंदूरचर्चित मंगलमूर्ती आपल्या स्थानी राहिली. आजही लग्नाची पहिली अक्षत याच दारी ठेवली जाते आणि अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत पहिला मान कसबा गणपतीचाच असतो.

आम्ही वाड्याच्या ओसरीवर मुक्कामाला असलो की पहाटे मंदिराची घंटा ऐकू येई आणि दिवस वर आला की तांबट आळीतून ठोक्यांचा नाद सुरू होई. तांब्याच्या घागरीवर हातोडीने एकसारखे ठोके देत मठारकाम चाले. ही कारागीर मंडळी त्वष्टा कासार. त्वष्टा म्हणजे इंद्राचे वज्र घडविणारा वेदांतील देवशिल्पी; त्याचे नाव आजही एका गल्लीत हातोडी चालवीत आहे, हे पाहून आम्हांस ऋग्वेदाचे पान उघडल्यासारखे वाटे. कुंभारवाड्यातून माठ यावा, शिंपी आळीतून बंडी शिवून यावी. मंडई, शाळा, नदीचा पूल, सारे पायांखाली. काकूंना रिक्षा करावी लागलेली आम्ही क्वचितच पाहिली.

परंतु वाचकहो, जवळ राहण्याचेही मोल द्यावे लागते, हे सांगितल्याविना निरूपण पुरे होणार नाही. भाडेनियंत्रणाच्या कायद्याने जुन्या वाड्यांची भाडी नाममात्र राहिली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला दुसरीकडे जाणे परवडेना आणि माळवदाला पाऊस सोसवेना. त्यात शनिवारवाडा हे केंद्राचे संरक्षित स्मारक. २०१० च्या कायदा-दुरुस्तीप्रमाणे अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध, आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट. स्मारक जपलेच पाहिजे, यात शंका नाही. पण त्या शंभर मीटरांत माणसेही राहतात. काकूंचा वाडा त्यांतलाच. डागडुजी परवानगीने करावी. पाडून नवे घर बांधता येत नाही.

२०१९ च्या पावसाळ्यात जिन्याकडची भिंत खचली. जीवितहानी झाली नाही, ही श्रींची कृपा. चिरंजीव नोकरीनिमित्त चिंचवडला स्थायिक झालेले. त्यांनी आम्हांस बाजूला घेऊन विनविले, “बुवा, आई माझे ऐकत नाही. तुमचे ऐकेल. तिला आमच्याकडे यायला सांगा.”

आम्ही काकूंपाशी विषय काढला. त्यांनी शांतपणे वात सारखी केली आणि म्हणाल्या, “बुवा, क्षेत्रसंन्यास म्हणजे काय, हे तुम्हीच याच चौकात सांगितले होते ना? एकदा क्षेत्री राहिले की सीमा ओलांडायची नाही. मग आता मला सीमा ओलांडायला कोणत्या तोंडाने सांगता?”

आम्ही निरुत्तर झालो. उदाहरण आम्हीच दिले होते आणि टाळ्याही घेतल्या होत्या. व्यासपीठावरून सांगितलेला धर्म कोणाच्या तरी डोक्यावर मोडके छप्पर ठेवून जातो, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम उमगले. अखेर म्हणालो, “काकू, ते व्रत संन्याशाचे. गृहस्थाने देह राखावा. तोही देवाचाच वाडा आहे.” त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढे दोन पावसाळे काढून त्या चिंचवडला गेल्या. वाड्याच्या चौकात कीर्तन होत राहिले, परंतु पहिल्या रांगेतील त्यांचा पाट रिकामा राहिला. त्या रिकाम्या पाटाकडे पाहून आमचा स्वर किती वेळा हलला, ते आमच्या साथीदारांना ठाऊक आहे.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर पिंपरी-चिंचवडहून येणारी मेट्रो मुठेच्या पात्राखालून बोगद्याने स्वारगेटपर्यंत धावू लागली, आणि कसबा पेठेला स्वतःचे स्थानक मिळाले. जिल्हा न्यायालयाशी गाडी बदलली की पुणे रेल्वे स्थानक, वनाज, रामवाडी, सारे हाताशी. हे जुने गाव असे चहूकडे जोडले गेले तेव्हा आमच्या मनात पहिली शंका आली ती अशी, की उरलेले लोकही आता सहज निघून जातील.

२०२५ च्या भाद्रपदात नमन आटोपून आम्ही डोळे उघडले, तो पहिल्या रांगेत काकू! शेजारी नातू, मांडीवर मठारलेला तांब्या. कीर्तनानंतर त्यात तीर्थ घेत त्या म्हणाल्या, “पिंपरीहून एकाच गाडीने आलो, बुवा. इथे राहत होते तेव्हा कामाच्या गडबडीत कितीदा दर्शन चुकायचे. आता दर चतुर्थीला मुद्दाम निघते, चुकत नाही.” मग क्षणभर थांबून त्यांनी माळवदाकडे पाहिले. “पण पहाटेची घंटा तिकडे ऐकू येत नाही हो.”

या दोन वाक्यांत आमच्या शंकेचे उत्तर आले, आणि उत्तरानंतर उरलेले दुःखही आले. गाडी भक्ताला देवापर्यंत आणते. शेजार परत आणू शकत नाही. तो शेजार आज राखला आहे तो खचल्या भिंतींना टेकू देऊन राहणाऱ्या भाडेकरूंनी आणि हातोडी खाली न ठेवलेल्या तांबटांनी.

म्हणून भाविकांना आमची एकच प्रार्थना. यंदा मानाच्या पहिल्या गणपतीच्या दर्शनास या, मेट्रोने सुखेनैव या. परंतु दर्शन घेऊन लगेच जिन्याकडे वळू नका. चार पावले आळीत जा. पूजेचा तांब्या घ्यायचाच असेल तर तो घडविणाऱ्याच्या हातून घ्या. एखाद्या ओसरीवर वृद्ध जोडपे बसलेले दिसले तर दोन शब्द विचारपूस करा. तेवढा वेळ आपणही ग्रामदैवताच्या जवळ राहिलात, तर त्या दिवशी फराळ केलात तरी उपवास मोडला असे आम्ही म्हणणार नाही.

मंगलमूर्ती मोरया!