मांजर 'इमास', खुर्ची 'आरिमास'

"काय रे, पुस्तक कुठाय?"

"टेबलावर."

झालं, एका शब्दात उत्तर! पण मित्रांनो, हेच जपानीत सांगायचं असेल तर? इंग्रजी वाक्य डोक्यात घेऊन सुरुवात केलीत, तर फसाल. तिथे 'ऑन' आधी येतो आणि टेबल मागून. त्यापेक्षा आपली मराठीच धरा.

त्सुकुए नो उए नि होन गा आरिमास.

त्सुकुए म्हणजे टेबल. 'नो' हा आपला 'च्या'. उए म्हणजे वरची बाजू, होन म्हणजे पुस्तक. आणि 'आहे' अगदी शेवटी, आपल्यासारखाच! टेबलाच्या वर पुस्तक आहे. 'नि' जागा दाखवतो (हा आपला 'आणि'वाला 'नि' नव्हे हं!). 'उए' काढून 'शिता' घातलं की झालं खाली, 'नाका' म्हणजे आत, 'माए' म्हणजे पुढे, 'उशिरो' म्हणजे मागे. स्टेशनला म्हणतात 'एकि'. मग मुलुंड स्टेशनच्या पुढे कुणाला भेटायचं असेल, तर 'एकि नो माए'.

एका बाबतीत मात्र जपानी मुलं सुटली. आपण टेबलचं 'टेबला' करतो, पार्ल्याचे लोक 'पार्ल्यात' राहतात, अंधेरीचे 'अंधेरीत' आणि घाटकोपरचे 'घाटकोपरला'. का? विचारू नका! जपानीत शब्द जसाच्या तसा, पुढे 'नि' लावला की काम भागलं.

पण थांबा, खोच पुढेच आहे. 'मी बागेत आहे' आणि 'मी बागेत खेळतो', दोन्हीकडे आपला एकच 'त'. जपानीत नुसतं असणं असेल तर 'नि', आणि तिथे काही करत असाल तर 'दे'.

सगळ्यात गंमत 'आहे'ची. पुस्तक, खुर्ची, घर यांना 'आरिमास'. माणूस, मांजर, कावळा यांना 'इमास'. जिवंत ते इमास, असं म्हणावं तर झाडाला आरिमास! आपणहून हलतं त्याला इमास, असं धरलंत तर बरं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात झाडं आरिमास, आणि झाडामागे बिबट्या असला तर तो इमास. बर्फावर ठेवलेली सुरमई आरिमास, काचेच्या टाकीतला मासा इमास. ड्रायव्हर बसलेली, निघायच्या बेतात असलेली टॅक्सीसुद्धा कधीकधी इमास होते!

आजीला चुकून आरिमास म्हणालात, तर तिची खुर्ची केलीत म्हणून समजा. जपानी माणूस हसेल आणि सोडून देईल. पण हा शब्द नेहमीच हसण्यावारी जात नाही. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे कोबे शहराच्या परिसरात भूकंप झाला. सहा हजारांहून जास्त माणसं गेली, किती तरी जण पडलेल्या घरांखाली अडकले. अशा ढिगाऱ्यापुढे उभं राहून जपानीत हाक मारायची, तर ती अशी: "दारेका इमास का?" कोणी आहे का?

आणि आतून उत्तर द्यायचं, तर एवढंच: "कोको नि इमास!" इथे आहे!