वसईच्या किल्ल्यातील भग्न मठ

इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जच्या रणभूमीवर एका मध्ययुगीन मठाचे अवशेष आहेत. १०६६ च्या लढाईतील रक्तपाताचे प्रायश्चित्त म्हणून विजेत्या विल्यम राजाने तो मठ बांधला. आपल्या वसईत क्रम उलटा आहे. येथे मठ आधी होते, युद्ध नंतर आले.

१५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे तटबंदीच्या आत फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन व ऑगस्टिनियन संघांचे मठ आणि चर्चे उभी राहिली. याच वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया येशूसंघीयांकडे शिकले, पुढे फ्रान्सिस्कन झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

१७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी किल्ल्यास वेढा घातला. सुरुंगांनी तट फोडण्यात आला. दोन्ही बाजूंची मोठी प्राणहानी झाली. १६ मे रोजी पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. त्यांना सन्मानाने निघून जाण्याची मुभा मिळाली. मठवासी गेल्यावर मठ ओस पडले. छपरे ढासळली, भिंती उरल्या. चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील देवस्थानांत पोहोचल्या. भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकर मंदिर येथे त्या आजही पाहावयास मिळतात.

विदर्भातील कारंजा (घाडगे) सारख्या गावाहून मुंबईस येणाऱ्या भाविकांनी एक दिवस वसईसाठी अवश्य राखावा. पश्चिम रेल्वेच्या वसई रोड स्थानकावरून बसने किंवा रिक्षाने किल्ल्यात जाता येते. संत जोसेफ चर्चच्या दर्शनी भागावरील शिलालेखात १६०१ सालच्या पुनर्बांधणीची नोंद आहे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये पायांखाली पोर्तुगीज लेख कोरलेल्या समाधिशिला आहेत; तेथे जपून चालावे, क्षणभर थांबून मृतांसाठी प्रार्थना करावी. ती प्रार्थना तटाच्या आत मेलेल्यांसाठी जशी, तशीच तटाबाहेर पडलेल्या मराठा सैनिकांसाठीही असावी.

मठ पडले, परंतु श्रद्धा पडली नाही. पोर्तुगीज गेले तरी वसईचा ख्रिस्ती समाज आपल्याच भूमीत राहिला. तो आपल्या बोलीत बोलतो आणि मराठीत प्रार्थना करतो. १९९८ मध्ये वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ख्रिस्तसभा दगडांची नव्हे, माणसांची असते, हे त्या भग्न भिंतींमध्ये उभे राहिल्यावर नीट उमगते.