अंड्याला हवी मंद आच

‘ज्याला काहीच येत नाही, त्यालाही अंडे उकडता येते,’ अशी आपल्याकडे समजूत आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर पडलेल्या मुलामुलींची स्वयंपाकाशी पहिली ओळख बहुधा अंड्यानेच होते. आई चार दिवस परगावी गेली, की एरवी ओट्याकडे न फिरकणारे वडीलही प्रथम ऑम्लेटच करायला घेतात. फोडायचे, फेटायचे, तव्यावर घालायचे. त्यात शिकण्यासारखे ते काय?

प्रत्यक्षात ही सोपी वाटणारी गोष्ट घरोघरी रोज बिघडत असते. उकडलेल्या अंड्याचा बलक कोरडा पडतो आणि त्याभोवती हिरवट-करडे कडे दिसते. ऑम्लेट कडेने करपते आणि मध्ये चिवट होते. भुर्जीला पाणी सुटते. शाळेच्या डब्यातले अंडे मूल तसेच परत आणते; ‘वास येतो’ म्हणते. मुलाला अंडे आवडतच नाही, असा निष्कर्ष काढून घरचे मोकळे होतात आणि स्वस्तात मिळणारा प्रथिनांचा एक चांगला आहार त्याच्या ताटातून कायमचा जातो. पुष्कळदा यात दोष मुलाचा नसतो आणि अंड्याचाही नसतो. दोष असतो तो आचेचा.

अंडे शिजते म्हणजे नेमके काय होते, हे समजले की बाकीचे आपोआप उलगडते. अंड्याचा पांढरा भाग म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेली प्रथिने. कच्च्या अंड्यात ही प्रथिने सूताच्या गुंड्यांसारखी गुंडाळलेली असतात. उष्णता मिळाली की त्या गुंड्या उलगडतात, एकमेकींत गुंतून त्यांचे जाळे तयार होते आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. मऊ शिजलेले अंडे म्हणजे हेच पाणी धरून ठेवलेले जाळे होय. उष्णता वाढतच गेली, तर जाळे आवळत जाते आणि पाणी पिळून बाहेर टाकते. मग अंडे रबरासारखे होते आणि भुर्जीला पाणी सुटते.

पांढरा भाग साधारण ६२-६३ अंश सेल्सिअसला घट्ट होऊ लागतो. बलक ६५ अंशांच्या आसपास दाटतो आणि ७० अंशांना बसतो. पांढऱ्या भागातील निम्म्याहून अधिक प्रथिन एकाच प्रकारचे आहे आणि ते मात्र ८० अंशांच्या पुढेच पक्के होते. म्हणजे अंड्याचा सारा खेळ पाणी उकळण्याच्या आतच संपतो. आपल्या स्वयंपाकाची सवय याच्या नेमकी उलट आहे. फोडणीला तेल चांगले तापावे लागते, त्याशिवाय मोहरी तडतडत नाही; कांदा परतायलाही आच मोठी लागते. त्याच तापलेल्या तव्यावर त्याच मोठ्या आचेने आपण अंडे घालतो, आणि ते बिघडते.

उकडताना

अंडे उकडताना गॅस मोठा ठेवून काहीच साधत नाही. उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या वर तापत नाही. खळाळत्या उकळीने अंडी एकमेकांवर आपटून तडकतात आणि गॅस तेवढा जास्त जळतो. फ्रिजमधली अंडी थोडा वेळ आधी बाहेर काढून ठेवावीत. पाण्याला उकळी आली की डावाने ती अलगद आत सोडावीत आणि आच लगेच कमी करावी. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या अंड्याला मंद उकळीत सहा-सात मिनिटे दिली, तर बलक मऊ राहतो. दहा मिनिटांत तो पूर्ण बसतो. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या ठिकाणी पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, त्यामुळे तिथे एखादे मिनिट अधिक लागते.

वेळ झाली की अंडी ताबडतोब थंड पाण्यात घालावीत, कारण गॅस बंद केला तरी गरम पाण्यात अंडे शिजतच राहते. ते हिरवट कडे याच दुर्लक्षातून येते. जास्त वेळ तापलेल्या पांढऱ्या भागातून गंधकयुक्त वायू सुटतो आणि बलकातील लोहाशी त्याचा संयोग होतो. ते कडे विषारी नसते. परंतु डब्यातला तो नकोसा वास या वायूचाच असतो. मुलाची तक्रार खरी असते, ती अशी.

अगदी ताज्या अंड्याचे कवच नीट सुटत नाही, हाही अनेकांचा अनुभव. ताज्या अंड्यातील पांढरा भाग आतील पडद्याला घट्ट चिकटतो. काही दिवसांनी त्यातील कर्बवायू कवचाच्या छिद्रांतून निघून गेला की ही पकड सैल होते. म्हणून उकडायला चार-सहा दिवसांची अंडी घ्यावीत आणि आजची अंडी ऑम्लेटसाठी ठेवावीत.

ऑम्लेट आणि भुर्जी

आपल्या घरी ऑम्लेट म्हटले की कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आलीच. यातला कांदा कच्चाच घातला, तर त्याचे पाणी अंड्यात उतरते आणि ते आटवण्यासाठी ऑम्लेट गरजेपेक्षा जास्त वेळ तव्यावर ठेवले जाते. बारीक चिरलेला कांदा आधी थोड्या तेलावर परतून घ्यावा, मग आच मंद करून तवा किंचित निवू द्यावा आणि त्यानंतरच फेटलेले अंडे ओतावे. वर झाकण ठेवले की वरची बाजू वाफेवर शिजते. खालची बाजू करपेपर्यंत थांबावे लागत नाही.

भुर्जीचे गणितही हेच. गाडीवरची भुर्जी मोठ्या आचेवर खडखडाट करीत होते, कारण तिथे गिऱ्हाईक उभे असते आणि हात सरावलेला असतो. घरी कांदा-टोमॅटो मोठ्या आचेवर परतून त्यांचे पाणी पूर्ण आटवावे. मग आच अगदी कमी करून अंडी घालावीत आणि उलथन्याने सावकाश हलवत राहावे. भुर्जी अजून किंचित ओलसर दिसत असतानाच गॅस बंद करावा. उरलेले काम तापलेली कढई करते. पारशी घरांतली अकुरी आपल्या भुर्जीपेक्षा मऊ लागते, त्याचे रहस्य मसाल्यापेक्षा या सावकाशीत अधिक आहे.

मंद म्हणजे कच्चे नव्हे

इथे एक इशारा देणे आवश्यक आहे. आच मंद ठेवणे आणि अंडे कच्चे ठेवणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अंड्याच्या कवचावर, आणि क्वचित आतही, साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. अंडे आतपर्यंत सुमारे ७१ अंश तापले, म्हणजे बलक आणि पांढरे दोन्ही बसले, की हा धोका टळतो. मंद आचेवरही हे तापमान सहज गाठता येते. फक्त दोन मिनिटे अधिक द्यावी लागतात. वाहत्या बलकाचे हाफ फ्राय निरोगी माणसाने आवड म्हणून खाल्ले, तरी लहान मुले, गर्भवती, वृद्ध आणि आजारी माणसे यांना ते देऊ नये. अंडी धुऊन साठवू नयेत, कारण धुण्याने कवचावरचा नैसर्गिक संरक्षक थर जातो. प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडावे आणि कवच हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

व्यायामशाळेत जाणारे अनेक तरुण ताकदीसाठी कच्ची अंडी दुधातून पितात. त्यात धोका तर आहेच, शिवाय लाभही कमी आहे. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचल्याचे आढळले. कच्च्या अंड्यातील मात्र सुमारे ५१ टक्केच. कच्च्या पांढऱ्या भागातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वालाही अडवून ठेवते. शिजवल्याने ही अडवणूक बरीच कमी होते.

किती खावीत, हा प्रश्न उरतोच. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, शिवाय शाकाहारात सहसा कमी पडणारे बी-१२ हे जीवनसत्त्वही मिळते. बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची असलेली मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत वगळण्यात आली. याचा अर्थ हवी तितकी अंडी खावीत असा नाही. मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. मात्र अंड्याबरोबर तव्यावर पडणाऱ्या लोण्याचाही हिशेब प्रत्येकाने ठेवावा. मंद आचेवर चमचाभर तेल पुरते, हाही तिचा एक फायदाच.

तेव्हा डब्यातले अंडे मुलाने परत आणले, तर त्याला रागावण्यापूर्वी एकदा आपल्या गॅसकडे पाहावे. उद्या सकाळी घड्याळ लावून दहाच मिनिटे मंद उकळी द्यावी, अंडे लगेच थंड पाण्यात घालावे आणि सोलून त्यावर मीठ-मिरपूड भुरभुरावी. डबा रिकामा परत आला, तर अंडे न आवडण्याचे खरे कारण काय होते, ते आपल्याला कळलेले असेल.