डोंगरवाटेचा धनी कोण?

पावसाळा सरला की मुंबई-ठाण्याच्या तरुणांची पावले सह्याद्रीकडे वळतात. ही हौस आता जुनी झाली आहे. ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ साली स्थापन झाली आणि गो. नी. दांडेकरांच्या लेखनाने पुढच्या पिढ्यांना गडकोटांचे वेड लावले. त्या काळी अनोळखी वाटेची माहिती हवी तर जाऊन आलेल्याला गाठावे लागे. तो वाट सांगे. त्याचबरोबर पाणी कोणाच्या घरी मागावे आणि वाटाड्या म्हणून कोणाला घ्यावे, हेही सांगे. आज तीच वाट नकाशावरची एक रेघ होऊन क्षणार्धात हजारोंच्या हाती पडते. ज्ञान असे मोकळे झाले याचा आनंदच आहे. परंतु त्याच्यासोबत येणारी जबाबदारी मागे राहिली, ही चिंतेची बाब होय.

डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या संदर्भात हा विचार अगत्याचा आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग येथून जातोच. २०१३ साली उपनगरी गाडीही डहाणू रोडपर्यंत धावू लागली. गंभीरगड, सेगवाह, बल्लाळगड आणि महालक्ष्मीचा डोंगर ही स्थळे त्यामुळे शनिवार-रविवारच्या आवाक्यात आली. हा मुलूख म्हणजे राष्ट्रीय उद्यान नव्हे. येथे प्रवेशद्वार नाही आणि तिकीटही नाही. येथला डोंगर म्हणजे वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे शेत, सरपण आणि देवस्थान. नकाशावरच्या रेघेला उतारावरची उभी नागली दिसत नाही, की झाडाखालचा वाघदेवही दिसत नाही. पाऊस उदंड असला तरी उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात; मुक्कामाला आलेली टोळी जे पाणी सहज सांडते, ते एखाद्या बाईने डोक्यावरून आणलेले असते. वाळल्या गवतात विझवायची राहिलेली चूल कोणाचे रान जाळील, याचा नेम नसतो.

डोंगरयात्रेचे नियोजन या भूमीला शहराने शिकवावे, अशी मुळीच स्थिती नाही. विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या यात्रेत चैत्र पौर्णिमेच्या मध्यरात्री ध्वज शिखरावर नेला जातो आणि तो मान वाघाडीच्या सातवी कुळाकडे आहे. कोणी चढावे, केव्हा चढावे, हे परंपरेने ठरलेले असते. यात्रेचा बाजार भरतो तो पायथ्याशी. मर्यादा आणि भक्ती येथे एकत्र नांदतात.

परदेशांतही मर्यादा आहेतच. अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात रानात मुक्काम करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो आणि एकेका वाटेने दररोज किती जणांनी निघावे, याची संख्या ठरलेली असते. ही शिस्त अनुकरणीय खरी. पण त्याच दरीतून तेथील मूळ रहिवाशांना १८५१ साली सैन्य धाडून हुसकावण्यात आले होते, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे माणसे डोंगरातच आहेत. तेव्हा नियमही त्यांच्याच मुखातून यावयास हवेत.

त्याला कायद्याचा आधार आहे. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या परंपरेचे, रानाचे व पाणवठ्यांचे रक्षण करण्याचा अधिकार दिला आहे. कोणती वाट खुली, कोणती बंद, एका दिवशी किती जण, शुल्क किती, हे ग्रामसभेने ठरवावे; आणि वाटेची माहिती प्रसिद्ध करणाऱ्याने प्रथम हे नियम सांगावेत, मग वाट सांगावी.

यात मजुरीचा प्रश्न गौण नाही. मे १९४५ मध्ये तलासरी भागातील झरी येथे वारल्यांनी परिषद भरवून वेठबिगारीविरुद्ध निर्धार केला. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबण्याची सक्ती त्यांनी झुगारून दिली; गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्या लढ्याची कथा आहे. त्याच मुलखातील तरुणाला दिवसभर डोंगर हिंडवून, त्याच्या पाठीवर आपली ओझी देऊन, शेवटी हातावर चहापाण्याचे पैसे ठेवणे म्हणजे वेठीचेच नवे रूप नव्हे काय?

डोंगर सर्वांचे आहेत, त्यांवर परवाने कशाला, आणि परवाने आले की चिरीमिरी आली, असा आक्षेप घेतला जाईल. चिरीमिरीची भीती अनाठायी नाही. त्यासाठी शुल्काचा हिशेब भरल्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. परंतु डोंगर सर्वांचे, या उदार वचनाचा खर्च आजवर डोंगरात राहणाराच सोसत आला आहे. ज्याच्या अंगणातून वाट जाते, त्याला विचारल्याविना ती जगाला वाटण्याचा अधिकार कोणालाही नाही. गिर्यारोहकांच्या संस्थांनी यंदाच्या मोसमाचे बेत आखण्यापूर्वी या गावांच्या ग्रामसभांशी बोलावे. त्यांचे उत्तर काही वाटांपुरते नकारार्थी आले, तर तेही मानावे.