फुकटच्या जमिनीची किंमत

सिनेमातल्या अमेरिकन पश्चिमेत घोडे फार दौडतात आणि पिस्तुले फार उडतात. पण तेथे खरोखर जाऊन राहिलेल्या माणसांची हयात नांगर, बादली आणि चूल यांच्यापाशीच गेली. मला स्वतःला त्या पिस्तुलापेक्षा ही चूलच अधिक बोलकी वाटते.

या कहाणीचे मूळ एका कायद्यात आहे. १८६२ साली, यादवी युद्ध चालू असताना, अध्यक्ष लिंकन यांनी ‘होमस्टेड’ कायद्यावर सही केली. एकवीस वर्षे पुरी झालेल्या कोणाही नागरिकाने, किंवा नागरिक होऊ इच्छिणाऱ्या परदेशी माणसाने, १६० एकर सरकारी जमीन मागावी, तीवर घर बांधून पाच वर्षे राहावे आणि ती कसावी. की जमीन त्याची. सारी फी मिळून १८ डॉलर! अविवाहित स्त्रिया आणि विधवा यांनाही हा हक्क होता. मग काय विचारता! जर्मन, स्वीडिश, चेक कुटुंबे नेब्रास्का, कॅन्सस, डाकोटाच्या माळांवर लोटली. गुलामगिरीतून सुटलेली काळी माणसेही आली.

जमीन मिळाली, पण घर कशाचे बांधायचे? मैलोगणती झाड नाही. तेव्हा या लोकांनी जमिनीचेच घर केले. गवताच्या मुळ्यांनी घट्ट जखडलेली माती खास नांगराने पट्ट्यापट्ट्यांनी उचलायची, तिच्या लाद्या कापायच्या आणि गवताची बाजू खाली ठेवून त्या रचायच्या. भिंत दोन-तीन फूट जाड. थट्टेने तिला ‘नेब्रास्काचा संगमरवर’ म्हणत. ही घरे उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असत. परंतु पाऊस आला की छप्पर गळे. बाहेरचा पाऊस थांबला तरी घरातला थांबत नसे. चुलीवर छत्री धरून स्वयंपाक केल्याच्या आठवणी बायकांनी सांगून ठेवल्या आहेत. वरून माती आणि प्रसंगी साप पडू नये म्हणून छताखाली मांजरपाट ताणीत.

आणि जळण? आपल्या वाचक भगिनींना ऐकून मौज वाटेल, गोवऱ्या! माळावर वाळून पडलेले रानगव्यांचे आणि गाईंचे शेण गोळा करायचे. पूर्वेकडच्या शहरांतून आलेल्या बायका आधी नाक मुरडीत. पुढे त्याच ओटा भरभरून शेण आणू लागल्या.

सॉलोमन बुचर नावाच्या फोटोग्राफरने १८८६ पासून नेब्रास्काच्या कस्टर परगण्यात अशा कुटुंबांची छायाचित्रे काढली. त्यांतले एक मला विसरता येत नाही. एका बाईने आपला पेटीसारखा ऑर्गन घराबाहेर ओढून आणवला आणि त्याच्यासह फोटो काढून घेतला. मात्र मातीचे घर चित्रात येऊ दिले नाही. माहेरच्यांना ऑर्गन दिसावा, घर दिसू नये! या हट्टाला हसावे की डोळे पुसावे?

मला वाटते, त्या बाईचे खरे दुःख मातीच्या भिंतीत नव्हते. ते कायद्याच्या एका अटीत होते. आपल्याकडे शेत शिवारात आणि घर गावात. दिवसभर राबलेली बाई संध्याकाळी निदान पाणवठ्यावर चार शब्द बोलते. तेथे प्रत्येकाने आपल्याच जमिनीवर राहायचे. १६० एकर म्हणजे अर्धा मैल लांब आणि अर्धा मैल रुंद तुकडा. तेव्हा गाव असा बसलाच नाही. बाळंतपण असो की आजारपण, हाक मारली तर ऐकणारे फक्त वारे. कस्टर परगण्यातल्या चार सख्ख्या बहिणींनी पाळीपाळीने एकमेकींच्या घरी राहून हा प्रश्न सोडवला. पण सगळ्यांनाच बहिणी कोठल्या?

त्यात निसर्गाची लहर. १८७४ साली टोळधाड आली. पीक तर गेलेच, पण दोरीवरचे कपडे आणि अवजारांचे दांडेही तिने कुरतडले. १२ जानेवारी १८८८ ला सकाळी हवा उबदार होती, म्हणून मुले कोटाशिवाय शाळेत गेली. आणि शाळा भरलेली असतानाच हिमवादळ कोसळले. दोनशेंहून अधिक माणसे गेली, असा अंदाज आहे. त्यांत कितीतरी शाळकरी मुले होती. मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या मातीच्या शाळेचे छप्परच उडाले. तिने मुलांना त्या वादळातून जवळच्या घरी नेले आणि सगळी वाचवली.

अनेकजण कंटाळून परतले. तरी या कायद्याखाली शेवटी सुमारे १६ लाख लोकांना जमिनी मिळाल्या. १९७६ साली, अलास्का वगळता, कायदा रद्द झाला.

पण एक हिशेब राहतोच. ही ‘मोकळी’ जमीन मोकळी कधीच नव्हती. नेब्रास्कात पिढ्यान्‌पिढ्या मका पिकवणारे आणि रानगव्यांची शिकार करणारे पॉनी लोक १८७०च्या दशकात दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात गेले. १८८१ मध्ये ओटो-मिझूरिया जमातीलाही तीच वाट धरावी लागली. मातीच्या घरात रडणाऱ्या बाईला हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे. ती काही दुष्ट नव्हती; पोटासाठी आली होती. तरीही तिच्या १६० एकरांची किंमत दोघींनी चुकती केली: एक तिने स्वतः, एकाकीपणाने, आणि दुसरी, तिच्या आधी त्याच मातीत चूल मांडणाऱ्या पॉनी बाईने. सरकारी कागदावर मात्र १८ डॉलरच लिहिलेले आहेत.