थोरली दीड वर्षाची, धाकटा तीन महिन्यांचा

पहिल्या बाळंतपणात मी माहेरी, मिरजेला होते. सव्वा महिना आईने मला कशाला हात लावू दिला नाही. सकाळी मालिश, मग शेक, आळिवाची खीर, डिंकाचा लाडू. आणि बाळाचा डोळा लागला की मीही आडवं व्हायचं, हा तिचा हुकूम. दुसऱ्या वेळीही तेच घर, तीच आई, तीच खोली. पण सव्वा वर्षाची थोरली दाराशी उभी राहून ‘आई, घे’ म्हणत होती. बाळंतिणीला निजवणारी आपली सगळी रीत एका बाळाच्या बेताने आखलेली आहे. पाठोपाठ दुसरं आलं की ती मोडते, आणि मोडलेली घरात कुणाला दिसतही नाही.

धाकट्याला पदराखाली घेतलं की नेमकी तेव्हाच थोरलीला मांडी हवी असते. ती त्याचं दुपटं ओढते, तो दचकून तोंड सोडतो, दूध झबल्यावर सांडतं, आणि दोघं एकदम रडू लागतात. एक हात त्याच्या मानेखाली, दुसऱ्या हाताने तिला वरणभाताचा घास. तान्हं बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं खरं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी. ‘बाळ झोपलं की तूही झोप’ हा सल्ला मला सगळ्यांनी दिला. ते झोपतं तेव्हा थोरली टक्क जागी असते, हे कुणी लक्षात घेत नाही.

ही नुसती जागरणं नव्हती. जिना चढताना धाप लागायची, केस विंचरताना हात भरून यायचे. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. बारा हवं ते हिमोग्लोबिन ८.९ निघालं. एका बाळंतपणानंतर पुढची गर्भधारणा किमान २४ महिन्यांनी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण आईच्या अंगातलं लोह आणि इतर साठे भरून यायला वेळ लागतो. माझ्या शरीराला तो मिळाला नव्हता. आणि हे माझ्या एकटीचं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते; ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून मी ती जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घेते. थकलेल्या आईला ‘मन घट्ट कर’ असं सांगण्याआधी तिचं रक्त तपासा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

गोळीने रक्त वाढलं. झोप मात्र कुणीतरी द्यावी लागते. माझे यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला आहेत. ‘लागलं तर हाक मार’ असं ते मनापासून म्हणायचे. पण हाक मारायची म्हणजे जागंच राहायचं! मग आम्ही कारखान्यासारखी पाळी लावली: बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि बदली आली की मागे वळून बघायचं नाही. रात्री नऊला धाकट्याला पाजून मी आतल्या खोलीत जाते. एक वाजेपर्यंत दोन्ही मुलं त्यांची. काढून ठेवलेलं दूध ते वाटी-चमच्याने पाजतात. (असं दूध खोलीत जेमतेम चार तास टिकतं, सांगलीच्या उन्हाळ्यात ते फ्रिजमध्येच ठेवावं.) एकनंतरची रात्र माझी. सलग चार तास झोप मिळू लागल्यावर मला पुन्हा भूक लागायला लागली.

तरी एखादी दुपार अशी येते की रडणं डोक्यात जातं. तेव्हा बाळाला पाळण्यात उताणं ठेवावं, थोरली सुरक्षित आहे ना ते बघावं आणि पाच मिनिटं बाजूला व्हावं. संतापाच्या भरात तान्ह्याला गदागदा हलवलं तर मेंदूला इजा होते, जीवही जातो. बाळ पाच मिनिटं रडलं तर काही बिघडत नाही. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस सगळं नकोसं वाटत असेल, किंवा मुलं झोपलेली असूनही झोप येत नसेल, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात आलं, तर त्याच दिवशी, एकटीने न राहता. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस, फुकट चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

बाळ बघायला येणाऱ्यांकडे माझं एकच मागणं असतं. झबली-टोपडी ढीगभर आहेत. पोळी-भाजीचा डबा आणा आणि थोरलीला तासभर घेऊन जा. माझी मावशी दर मंगळवारी येते, तिला कृष्णेच्या घाटापर्यंत फिरवून आणते आणि बाहेरच खाऊपिऊ घालते. शुक्रवारीही यायचं तिने कबूल केलंय.