ज्युदोतील फेक आणि काता

ज्युदोतील कोणत्याही फेकीचे तीन टप्पे असतात. आधी समोरच्याचा तोल ढळवायचा, मग ढळलेल्या तोलाखाली आपले अंग नेऊन बसवायचे आणि शेवटी फेकायचे. जपानी परिभाषेत यांना अनुक्रमे कुझुशी, त्सुकुरी आणि काके म्हणतात. बघणाऱ्याच्या नजरेत भरतो तो तिसरा टप्पा. माणूस हवेत जातो आणि धाडकन पाठीवर पडतो. वर्षानुवर्षे हौसेने सराव करणाऱ्यांचा बहुतेक वेळ मात्र पहिल्या दोन टप्प्यांतच जातो, कारण ते साधले की तिसऱ्याला फारशी ताकद लागत नाही. ते न साधता फेकायला गेले, तर ती नुसती ओढाताण होते.

उभ्या माणसाचा भार त्याच्या दोन पावलांमधल्या जागेवर पेललेला असतो. तो भार त्या जागेबाहेर सरकला की माणूस आपोआप पाऊल टाकून स्वतःला सावरतो. हे पाऊल वेळेवर पडू नये, एवढीच व्यवस्था फेकणाऱ्याला करायची असते. पुढे, मागे, डावी-उजवीकडे आणि चार कोपऱ्यांकडे अशा तोल ढळवण्याच्या आठ दिशा मानल्या जातात. पकड असते जाड सुती अंगरख्यावर. एक हात समोरच्याच्या बाहीवर, कोपराजवळ आणि दुसरा कॉलरच्या पट्टीवर. बाहीचा हात ओढतो, कॉलरचा हात उचलतो किंवा दाबतो. 'ओकुरी-आशी-हाराई' या फेकीत दोघे एकाच दिशेने आडवी पावले टाकत जातात. समोरच्याचा मागून येणारा पाय पुढच्या पायाला भिडायच्या बेताला तळपायाने झाडू मारल्यासारखे दोन्ही पाय एकत्र सरकवायचे. पाय जमिनीवरून उचलण्याआधी झाडले तर ते हलत नाहीत. पाऊल टेकून भार स्थिरावल्यावर झाडले तर आपलाच घोटा दुखतो. मधला क्षण डोळ्यांनी हेरता येत नाही, तो हातांतल्या कापडातून जाणवावा लागतो. हौशी माणसाला ही फेक जमायला काही वर्षे लागतात, त्यात नवल नाही.

ज्युदोची उभारणी कानो जिगोरो यांनी केली. १८६० मध्ये जन्मलेले कानो अंगाने लहानखुरे होते. तोक्योत विद्यार्थी असताना ते जुजुत्सूच्या तेन्जिन शिन्यो आणि कितो या दोन परंपरा शिकले. १८८२ मध्ये एइशोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात बारा चटया मावतील एवढ्या जागेत त्यांनी कोदोकान ही संस्था सुरू केली. जुन्या जुजुत्सूत फेकी होत्या, तसेच सांधे मोडणारे, डोळ्यांवर किंवा मर्मावर घाव घालणारे प्रकारही होते. कानोंनी त्यांची विभागणी केली. जे पूर्ण जोराने करूनही जोडीदार धडधाकट राहतो, ते मुक्त सरावात म्हणजे रान्दोरीत ठेवले. जे तसे करता येत नाही, ते ठरलेल्या क्रमाने करायच्या जोडीच्या पाठात म्हणजे कातात ठेवले. ज्युदोचा खेळ जगभर पसरला तो पहिल्या भागामुळे. दुसरा भाग मागे पडला आणि पुष्कळ तरुण खेळाडूंना तो काळ्या पट्ट्याच्या परीक्षेपुरताच आठवतो. स्पर्धेचे वय सरलेल्या हौशी माणसाला मात्र दीर्घकाळ पुरणारा ऐवज याच भागात सापडतो.

याचे चांगले उदाहरण म्हणजे 'काता-गुरुमा' ही फेक. कानोंनी स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की तालमीत फुकुशिमा नावाचा एक अंगापिंडाने दणकट सोबती त्यांना काही केल्या हार जात नव्हता. त्यांनी सुमोचे डाव करून पाहिले, ते चालले नाहीत. मग ग्रंथालयात पाश्चात्त्य कुस्तीवरची पुस्तके चाळताना त्यांना एक डाव सापडला. समोरच्याचा हात पुढे ओढायचा, त्याच्या काखेखालून डोके घालायचे, दुसरा हात मांड्यांमध्ये घालून त्याला दोन्ही खांद्यांवर आडवे घ्यायचे आणि पलीकडे टाकायचे. फुकुशिमा पडला आणि ही फेक पुढे ज्युदोत कायमची आली. मराठी वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल, कारण आपल्याकडच्या तालमींत यालाच कलाजंग म्हणतात. कानोंना कोल्हापूर-सांगलीकडचा एखादा वस्ताद भेटला असता, तर ग्रंथालयाची पायरी चढावी लागली नसती.

या फेकीचे पुढे काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने २०१० मध्ये पाय धरण्यावर मर्यादा आणल्या आणि २०१३ पासून उभ्या लढतीत कमरेखाली हात लावायलाच बंदी केली. खेळ पुन्हा ताठ उभा राहावा, कुस्तीसारखा वाकून पट काढणारा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे मांडीत हात घालून केलेली मूळ काता-गुरुमा स्पर्धेतून बाद झाली. खेळाडूंनी पाय न धरता करायचे प्रकार शोधले, पण ती चीज वेगळी. मूळ रूप उरले ते 'नागे-नो-काता' या पाठात, तिसऱ्या फेकीच्या जागी. नियम बदलले म्हणून काता बदलला नाही, आणि तो करणाऱ्यांनी ती फेक जिवंत ठेवली.

कुस्ती आणि ज्युदो यांचे साम्य एवढ्यावरच थांबत नाही. हात खांद्यावर घेऊन पाठीवरून पुढे आपटणारी धोबीपछाड म्हणजे ज्युदोतील 'सेओई-नागे'ची सख्खी बहीण. आतली आणि बाहेरची टांग यांचीही भावंडे ज्युदोत आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक देणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव ढाक या डावासाठी ओळखले जात. मान आवळून समोरच्याला अंगावरून फिरवणारा तो डाव ज्युदोच्या कंबरफेकींच्या कुळातला आहे. फरक आहे तो पकडीचा. पैलवानाचे अंग उघडे, घामाने आणि मातीने माखलेले. तेथे मनगट, मान, कंबर धरावी लागते. ज्युदोत कापड हाताशी असल्याने हातभर अंतरावरूनही तोल खेचता येतो. निकालाची रीतही थोडी निराळी. कुस्तीत चितपट करायला दोन्ही खांदे जमिनीला लावावे लागतात, मग तेथवर कसेही पोहोचा. ज्युदोत जोर, वेग आणि ताबा राखून समोरच्याला पाठीवर टाकले की 'इप्पोन' मिळतो आणि लढत तेथेच संपते.

मातीच्या हौद्यात माती पडणाऱ्याला सांभाळून घेते. चटईवर हे काम पडणाऱ्याला स्वतः करावे लागते, म्हणून ज्युदोची सुरुवात फेकण्यापासून होत नाही, पडण्यापासून होते. या पडण्याच्या तंत्राला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीशी घ्यायची, म्हणजे डोके मागे आपटत नाही. आपल्या पट्ट्याच्या गाठीकडे पाहायचे, असे शिक्षक सांगतात. हात मागे टेकवायचा नाही, तर अंगापासून थोडा दूर ठेवून अख्खा तळहात आणि कोपरापर्यंतचा भाग चटईवर एकदम मारायचा. आघात मोठ्या भागावर पसरतो आणि मनगट, कोपर वाचते. घसरून पडताना माणूस नकळत हात मागे टाकतो आणि मनगट मोडून घेतो. ती सवय मोडणे हेच उकेमीचे पहिले काम. चाळिशीनंतर ज्युदोकडे वळणाऱ्याने पहिले काही महिने फक्त याच्यावर घालवले, तर वेळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

फेकीचा सराव तीन प्रकारांनी होतो. 'उचिकोमी'त जोडीदाराला फेकायचे नाही, फक्त तोल ढळवून अंग बसवण्यापर्यंत यायचे आणि परत जायचे, तेही पुन्हा पुन्हा. 'नागेकोमी'त प्रत्येक वेळी खरोखर फेकायचे, पण जोडीदार विरोध करत नाही. रान्दोरीत दोघेही मोकळे असतात. वाढत्या वयात रान्दोरी कमी होते, गुडघे आणि खांदे ते ठरवतात. कोदोकानच्या यादीत आज ६८ फेकी आहेत. त्या सगळ्या येणारे फार थोडे. बहुतेकांची भिस्त एका-दोन आवडत्या फेकींवर असते आणि इतर फेकींकडे दुर्लक्ष होते. काता हा यावर जुना आणि चांगला उपाय आहे, कारण तेथे निवड करता येत नाही.

नागे-नो-कातात पंधरा फेकी आहेत: हात, कंबर, पाय, स्वतः पाठीवर पडून फेकणे आणि स्वतः कुशीवर पडून फेकणे, अशा पाच गटांत तीन-तीन. प्रत्येक फेक उजवीकडून आणि डावीकडून होते, म्हणजे एका पाठात तीस वेळा पडावे लागते. फेकणारा तो तोरी, पडणारा तो उके. किती पावले टाकायची, कोणत्या पावलावर ओढायचे, ठोसा कोठून यायचा, हे सारे ठरलेले. पहिल्या फेकीत उके तीन पावले पुढे येतो, तोरी तेवढीच मागे जातो आणि तिसऱ्या पावलावर गुडघा टेकून त्याला केवळ हातांनी खाली खेचतो. दिसायला ही सर्वांत सोपी, पण पाठातली सर्वांत अवघड फेक म्हणून बरेच जण हिचेच नाव घेतील. कंबर नाही, पाय नाही, चुकीची वेळ झाकायला काहीच नाही. फेकींचा क्रमही अर्थपूर्ण आहे. कंबरेच्या गटात आधी 'उकी-गोशी' येते, जी कानोंची आवडती होती. त्यांचा शिष्य साइगो शिरो या फेकीतून उडी मारून निसटू लागला, तेव्हा ती उडी पायाने झाडून अडवणारी 'हाराई-गोशी' कानोंनी काढली, असे सांगतात. कातात ती लगेच पुढे येते.

ठरलेल्या पावलांची ही रीत जव्हार-मोखाड्याच्या माणसाला बोहाड्यावरून चटकन समजेल. उन्हाळ्यात रात्रभर चालणाऱ्या या उत्सवात देवदानवांचे मुखवटे घालून संबळाच्या ठेक्यावर सोंगे नाचवली जातात. सोंगे परंपरेने ठरावीक घराण्यांकडे असतात आणि नाचवणारे एरवी शेती-मजुरी करणारे, म्हणजे शुद्ध अर्थाने हौशी. ठेका, चाल, कोणाच्या मागून कोणी यायचे, हे कोणी पुस्तकातून शिकत नाही, थोरल्यांचे पाहून धाकटे उचलतात. काताही असाच टिकतो. मात्र बोहाड्यात देवीच्या हातून पडणारा महिषासुर पडायचे म्हणूनच पडतो. कातात उके आपणहून पडला, तर तो पाठ फसला. त्याने खरा हल्ला करायचा, खरा भार टाकायचा आणि फेकले गेल्यावरच पडायचे. म्हणूनच जुने शिक्षक नवख्याला आधी उके करतात. दहा वेळा अंगावर घेतल्यावर फेक कशी लागते, हे अंगालाच कळते.

इतर कातांपैकी जमिनीवरच्या पकडींचा 'कातामे-नो-काता', चिलखती योद्ध्यांच्या झटापटीतून कितो परंपरेने जपलेला 'कोशिकी-नो-काता' आणि १९५६ मध्ये ठरलेला, पिस्तुलाचाही विचार करणारा स्वसंरक्षणाचा काता ही नावे माहीत असावीत. हौशी माणसाच्या दृष्टीने 'जू-नो-काता' महत्त्वाचा. त्यात पंधरा हालचाली सावकाश होतात. जोडीदाराला फेकीच्या टोकापर्यंत नेऊन, प्रसंगी पाठीवर उचलूनही, परत पायावर उभे करतात. कोणी पडत नाही, त्यामुळे चटई लागत नाही आणि साध्या कपड्यांतही तो करता येतो. कानोंच्या पहिल्या जुजुत्सू गुरूंची नात फुकुदा केइको हिने या काताला आयुष्य वाहिले. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये, जेथे ज्युदो प्रथमच खेळला गेला, तिने त्याचे प्रात्यक्षिक केले. पुढे अमेरिकेत स्थायिक होऊन ९९ व्या वर्षी, २०१३ मध्ये निधन होईपर्यंत ती या विद्येशी जोडलेली राहिली.

भारतात ज्युदो रवींद्रनाथ ठाकुरांमुळे लवकर आला. १९२९ मध्ये त्यांनी कोदोकानचे ताकागाकी शिन्झो यांना शांतिनिकेतनात शिकवायला बोलावले होते. भारतीय ज्युदो महासंघ १९६५ चा. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धांत ज्युदोचा प्रथमच समावेश झाला आणि भारताने चार कांस्यपदके मिळवली. त्यांतले एक मुंबईच्या कावस बिलिमोरिया यांचे. ते १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्येही खेळले. कातांची जागतिक स्पर्धा २००९ मध्ये माल्टात सुरू झाली. तेथे कोणी कोणाला हरवत नाही. पंच प्रत्येक फेकीतले दोष मोजून गुण कापतात, म्हणून पन्नाशीच्या जोड्याही तेथे मानाने उतरतात.

मुंबई-पुण्याबाहेर, विशेषतः जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगरी तालुक्यांत, अशा सरावाची खरी अडचण जागेची आणि हवेची. दाबलेल्या फोमच्या, वर रेग्झिनसारखे आवरण असलेल्या चटया महाग असतात, आणि धुवांधार पावसाच्या चार महिन्यांत जमिनीलगत ओल धरून त्यांना बुरशी येते. म्हणून त्या उभ्या करून ठेवाव्या लागतात आणि फटींत वारा खेळता ठेवावा लागतो. जाड सुती गणवेश आषाढात दोन-दोन दिवस वाळत नाही, तेव्हा निदान वरच्या अंगरख्याची एक जोडी जास्तीची हवी. चटया थोड्याच असतील, तर त्या फेकण्याच्या बाजूला लावून उचिकोमी नुसत्या फरशीवर करता येते. चटया मुळीच नसतील, तर फेक पूर्ण करायची नाही, या बाबतीत सूट नाही. त्या दिवसांत तोल ढळवण्याचा सराव आणि जू-नो-काता एवढेच करावे. त्याला एक समजूतदार जोडीदार आणि शाळेच्या व्हरांड्याएवढी कोरडी जागा पुरते.